पुडी बदललेला पखवाज

गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’ या गिटारच्या डोक्यावर चटक्याचा डाग आहे. वाजवताना पेटती सिगारेट तारांच्या टोकाशी अडकवून ठेवायची त्याची सवय. दुसऱ्या कुणाच्या गिटारवर असा डाग दिसला तर दुकानदार किंमत पाडून मागेल. पण २००६ मध्ये फेंडर कंपनीनं ‘ब्लॅकी’च्या २७५ प्रतिकृती काढल्या तेव्हा हा चटकाही हुबेहूब उठवला. मूळ गिटार २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली होती. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार २०१९ मध्ये ३९,७५,००० डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दरानं सत्तावीस-अठ्ठावीस कोटी रुपयांना विकली गेली. या बाजारात जुन्या वाद्याचा भाव दोन गोष्टींवर ठरतो: ते कुणाच्या हातात होतं आणि त्याचं काय काय ‘मूळचं’ शिल्लक आहे. ओरखडे आणि लाकडाच्या रेषा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहतात. पडदे बदललेले असले, रंग नव्यानं दिलेला असला की सामान्य जुन्या गिटारची किंमत घसरते.

गंमत अशी की, ज्यांच्या नावावर हा बाजार चालतो त्या वादकांनी स्वतः हा नियम कधी पाळलाच नाही. क्लॅप्टननं १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या सहा स्ट्रॅटोकॅस्टर स्वस्तात उचलल्या. तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जुळवली. तीच ‘ब्लॅकी’. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरात गेलेली ही गिटार मुळात जोडकाम आहे. गिल्मरच्या गिटारची मान कितीदा तरी बदलली, मूळ रंगावर काळा रंग चढला, एका यंत्रणेसाठी लाकूड कोरलं गेलं आणि ती नको झाल्यावर बुजवलंही गेलं. सूर नीट येईना की वाद्य उघडायचं, हात घालायचा, हाच वादकाचा धर्म. संग्राहक मात्र विक्रीच्या दिवशी घड्याळ थांबवतो आणि त्या क्षणाला मूळ रूप म्हणतो. वाद्य जपणं म्हणजे त्याच्या दुरुस्तीची परंपरा जपणं, असं माझं मत आहे. ते पटवायला पुरावा शोधत अमेरिकेला जायची गरज नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या डोलवीची ओळख आज पोलादाच्या कारखान्यामुळे आहे. पण पेण-रोह्याच्या या पट्ट्यात भजन नसलेलं गाव शोधावं लागेल, आणि भजन म्हटलं की पखवाज आलाच. त्याच्या उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईतही लोखंडाचा कीस असतो, हा आपला योगायोग. डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापायची, बोटानं कमी-जास्त करत आवाज जमवायचा आणि भजन संपलं की ती खरवडून काढायची. कातडं फाटलं की पुडी बदलायची, वादी सैल झाली की नव्यानं ओढायची. काही वर्षांत खोडाशिवाय जुनं काहीच उरत नाही. तरी तो अमुक बुवांचाच पखवाज, यावर गावात कुणी वाद घालत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचंही तेच. तारा घासून घासून घोडी झिजते, आवाजातला गुंजारव बसतो, मग कारागिराकडून पुन्हा जवारी काढून घ्यावी लागते. दुसरा हात फिरल्याशिवाय तंबोरा तंबोरा राहतच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, वाजवलं तर वाद्य झिजेल, पुढच्या पिढीला मग काय उरणार? काही वाद्यांपुरता तो खराच आहे. कीड लागलेलं, खोड तडकलेलं वाद्य काचेआडच बरं. पण अशा नाजूक वाद्यांचा नियम धडधाकट वाद्यांना लावायचं कारण नाही. त्यांना न वाजवण्यानंही वाचवता येत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात नुसतं टांगून ठेवलेल्या चामड्याला बुरशी धरते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हौशी श्रीमंतांनी पैसा ओतला नसता तर ही वाद्यं कधीच भंगारात गेली असती. हे मान्य करायलाच हवं. गिल्मरची गिटार घेणाऱ्या जिम अर्सेनं आपला संग्रह शहरोशहरी फुकट दाखवला, सोबत बँड उभा करून कार्यक्रमही केले. पण मे २०२५ मध्ये तो वारला आणि त्या वाद्यांचं पुढे काय, हे वारसांच्या हाती गेलं. त्यापेक्षा पुण्याच्या दिनकर केळकरांची वाट मला भक्कम वाटते. दिवे, अडकित्ते, वाद्यं असं घराघरातलं सामान त्यांनी आयुष्यभर जमवलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यात वस्तूचा मान मालकाच्या प्रसिद्धीवर ठरत नव्हता. त्या वाटेवर आणखी एक पाऊल टाकता येईल: संग्रहालयातल्या सुस्थितीतल्या वाद्यांसाठी वर्षातून एकदा मिरजेचा कारागीर बोलवावा, ती सुरात लावून घ्यावीत आणि त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाहणाऱ्याला ऐकवावा.

कारागीर हा शब्द मुद्दाम वापरला. लिलावाच्या यादीत वादकाचं नाव मोठ्या अक्षरात छापतात. मान बसवणारा, तारा लावणारा कुठेतरी तळटीपेत. आपल्याकडे तर तळटीपही नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्यांचं काम सुरू केलं, त्यावर गावात सतारमेकर गल्ली उभी राहिली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मैफलीतल्या तंबोऱ्याची जवारी कुणी काढली होती, हे मात्र रसिकाला सहसा ठाऊक नसतं.

राज्य सरकारनं २०२५ च्या गणेशोत्सवात १,८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रुपयांचं अनुदान जाहीर केलं. स्तुत्यच. पण खरेदी म्हटली की नवा पखवाज येतो आणि जुना माळ्यावर जातो. अशा अनुदानात दुरुस्तीचं बिलही चालेल, एवढी एक ओळ घालावी. त्या बिलावर पुडी बसवणाऱ्याचं नाव आणि तारीख आपोआप येईल. मंडळाच्या वहीत ते बिल चिकटवायला डिंकाखेरीज काही लागत नाही.