शॅनन दोन्ही काठांना उतरली होती

आयर्लंडमधलं ॲथलोन १६९१ साली पडलं, ते शॅनन नदी त्या उन्हाळ्यात आटली म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. म्हणजे सगळं नशिबाचं! मला हे मुळीच पटत नाही. नदी एका काठाला उतरते आणि दुसऱ्या काठाला भरून वाहते, असं कुठं घडतं का?

इंग्लंडचा राजा विल्यम याचा सेनापती गिंकेल पूर्वेकडचं गाव घेऊन बसला होता. पुलाची कमान मोडलेली. तीवर त्याच्या माणसांनी तुळया टाकल्या, तर आयरिश बाजूचा सार्जंट कस्ट्युम आणि त्याचे सोबती भर गोळीबारात पुढे आले आणि त्या उखडून नदीत फेकू लागले. त्यांच्या शौर्यापुढे मी मान झुकवतो. पूल हाती लागेना, तेव्हा गिंकेल उताराकडे वळला.

उतार जोखायला त्यानं शिक्षा झालेले तीन डॅनिश शिपाई पाण्यात उतरवले. पाठीमागून त्याच्याच लोकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, पण मुद्दाम डोक्यांवरून. पलीकडच्यांना वाटलं, हे फितूर होऊन आपल्याकडे येताहेत. त्यांनी बंदुका रोखल्या नाहीत. तिघे पाणी जोखून मागे फिरले, तेव्हा कुठं पलीकडच्यांना डाव उमगला. तरीही आयरिशांचा फ्रेंच सेनापती सँ-रूथ निर्धास्तच राहिला. ३० जूनला संध्याकाळी सहाच्या सुमारास चर्चची घंटा वाजली आणि शिपाई छातीभर पाण्यातून निघाले.

कावा हे दुबळ्याचं हत्यार, असंही आपल्याकडे म्हणतात. गिंकेल दुबळा होता? त्यानं गावावर बारा हजारांच्या आसपास तोफगोळे ओतले होते. तोफांनी जे साधलं नाही, ते त्या तिघांनी अंगावर मोजून आणलेल्या पाण्यानं साधलं.

इतरत्रही हेच दिसतं. इ.स.पूर्व २१७ मध्ये त्रासिमीन सरोवराकाठचं धुकं रोमनांच्याही डोळ्यांपुढे होतं; कार्थेजच्या हानिबलची माणसं मात्र आधीच टेकड्यांवर दबा धरून होती. १६६१ मध्ये उंबरखिंडीतलं रान मुघल सरदार कारतलबखानालाही तेवढंच दाट होतं. शिवाजी महाराजांनी त्याला आत येऊ दिलं, पुढची-मागची वाट रोखली. निसर्गाची साथ म्हणून या विजयांची बोळवण करणं हा त्या वाटा पायांनी तुडवलेल्या माणसांवरचा अन्याय आहे.

ॲथलोनच्या पश्चिम काठावरही शॅनन रोज दिसत होती. तिच्यात काठी बुडवून पाहायला कुणी उतरलं नाही.