नवऱ्याचा यूएएन कुणाला ठाऊक असतो?

पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात डांगे चौकातून सकाळी कंपन्यांच्या बस सुटतात. कुणी आकुर्डी-भोसरीला, कुणी थेट चाकणला, तर कुणी उलट दिशेला हिंजवडीला. थेरगाव हे या सगळ्यांच्या मधलं, घरभाड्याचं आणि गृहकर्जाचं गाव. इथल्या घरात बाईला नवऱ्याची शिफ्ट पाठ असते, ओव्हरटाइमचा हिशेब तोंडपाठ असतो, हप्ता कोणत्या तारखेला कापला जातो हेही माहीत असतं. त्याचा भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी यूएएन मात्र तिला ठाऊक नसतो. बऱ्याचदा त्यालाही नसतो.

दर ८ मार्चला महिलांच्या आर्थिक साक्षरतेची शिबिरं भरतात. त्यात खर्च लिहून ठेवा, एसआयपी सुरू करा, सोन्यात किती गुंतवा, असं सांगितलं जातं. पंचवीस हजारांत चौघांचं घर चालवून वर भिशीचा हप्ता न चुकवणाऱ्या बाईला खर्चाची वही शिकवायला जाणं जरा धाडसाचंच आहे. तिचं नुकसान तिथं होत नाही. लग्न, बाळंतपण, घरखरेदी, घटस्फोट, नवऱ्याचा मृत्यू अशा आयुष्य बदलण्याच्या दिवसांत ते होतं आणि ते कागदावर होतं. त्या कागदांची माहिती ज्यांच्याकडे असते, त्या कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालयं ती कामगारापर्यंत आणून थांबतात. पुढे घरापर्यंत नेणं हे कुणाचंच काम नाही. खरी दुरुस्ती इथं व्हायला हवी.

लग्नापासूनच पाहू. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या प्रकल्पात हॅरियर आणि सफारी या गाड्या जिथं जोडल्या जातात, ती लाइन महिलांची आहे. २०२२ मध्ये कंपनीनं तिथं दीड हजार महिला काम करत असल्याचं जाहीर केलं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतही तरुण मुली मशीनवर उभ्या आहेत. यातल्या अनेकींची नोकरी लग्नापाशी तुटते आणि त्याबरोबर पीएफही काढला जातो. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेनं हे फार सोपं करून ठेवलं होतं. नोकरी सुटल्यावर पैसे काढायला दोन महिने थांबण्याची अट सगळ्यांना होती, पण लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला तीही नव्हती! कायद्यानं दाखवलेला हा जिव्हाळा महागात पडतो. पीएफसोबत पेन्शनचेही पैसे काढले की तोवर झालेली सेवा पुसली जाते, आणि पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. लग्नाआधी सहा वर्षं आणि मुलं शाळेत गेल्यावर पाच वर्षं नोकरी केलेल्या बाईची अकरा वर्षं भरतात. मधे पैसे काढले असतील तर पाचच उरतात. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतलं तर जुनी वर्षं जमा राहतात. राजीनाम्याच्या दिवशी एचआरमधल्या माणसानं एवढं एक वाक्य सांगितलं, तरी पुरे.

त्यात आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनाव सासरचं लागतं, काही घरांत मुलीचं स्वतःचं नावही बदलतात. आधार नव्या नावाचं, पीएफ जुन्या नावाचा आणि पॅन तिसऱ्याच अवस्थेत, अशी गत झाली की हक्काचे पैसे काढायलाही खेटे घालावे लागतात. नाव बदलावं की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. बदलायचंच असेल तर सगळीकडे एकदमच बदललेलं बरं.

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो नवरा गेल्यावर. थेरगावातून दुचाकीवर चाकणला जाणारा, महिना अठरा हजार मिळवणारा कंत्राटी कामगार नाशिक रस्त्यावर अपघातात गेला, असं धरू; त्या रस्त्याची स्थिती माहीत असलेल्यांना फार कल्पना लढवावी लागणार नाही. त्याच्या बायकोचा हक्क कशाकशावर आहे? पीएफची शिल्लक, हे बहुतेकांना सुचतं. पीएफला जोडलेला ईडीएलआय नावाचा विमा क्वचितच कुणाला सुचतो. त्याचा एक पैसाही कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, हप्ता मालक भरतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. पेन्शन योजनेत एक महिन्याची वर्गणी भरली असली तरी विधवा पेन्शन सुरू होते, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळी. पगार २१ हजारांच्या आत असल्यानं तो ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतही येतो. कामावर जाता-येता झालेला अपघात हा कामावरचाच अपघात धरण्याची तरतूद २०१० मध्ये त्या कायद्यात आली. कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाला, तर अवलंबितांना मिळून पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत मासिक लाभ मिळतो. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटही मृत्यूच्या बाबतीत लागत नाही.

शिवाय गाडी त्याच्याच नावावर असेल, परवाना चालू असेल आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा संपलेला नसेल, तर त्याचे १५ लाख. इथं एक मेख आहे. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, पण हा अपघात विमा अनेकदा वर्षाचाच काढलेला असतो आणि पुढे कुणी बघत नाही. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर सरकारच्या जीवनज्योती विमा योजनेचे २ लाख, २० रुपये कापले जात असतील तर सुरक्षा विमा योजनेचे आणखी २ लाख. सगळं जुळून आलं तर एकरकमी विम्याचीच बेरीज २६ लाखांपर्यंत जाते. आणि ती बाई दशक्रिया आटोपल्यावर ठेकेदारानं हातावर ठेवलेल्या पाकिटाबद्दल त्याचे आभार मानत असते.

यातलं नोकरीशी जोडलेलं सगळं मिळतं ते नाव हजेरीपटावर असेल तरच. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्याला आग लागली, त्यात मृत्युमुखी पडलेल्यांत बहुतेक तिथं मजुरी करणाऱ्या महिला होत्या. अशा शेडमध्ये काम करणाऱ्या बाईला गुंतवणुकीचा सल्ला देण्याआधी तिचं नाव कुठल्या तरी नोंदवहीत येईल, हे पाहायला हवं.

पीएफच्या विधवा पेन्शनमधली एक अट तर आजच्या काळात वाचवत नाही. बाईनं पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन थांबते. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तो १८९३ मध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ मध्ये. पेन्शनचा नियम या दोन्ही तारखांच्या बराच मागे रेंगाळतो आहे.

पैसे आले की पाहुणे येतात. दीर जागा दाखवतो, ओळखीचा एजंट पॉलिसी, कुणी जास्त व्याजाची पतसंस्था. पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्याच सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला. बँक बुडाली तर ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच मिळतं. नवऱ्याचे सगळे पैसे एका बँकेत एका नावानं ठेवणं म्हणूनच धोक्याचं. पहिले सहा महिने ते दोन-तीन बँकांत साध्या मुदत ठेवीत पडून राहिले तर काहीही बिघडत नाही.

नॉमिनीबद्दलचा समज तर घट्टच आहे: नाव लावलं म्हणजे पैसे आपले. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून वारसांत झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, मालकी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरते. आयुर्विम्यात २०१५ पासून पती-पत्नी, आई-वडील, मुलं यांच्यापुरता अपवाद आहे. भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्यांनी तर १८७४ चा विवाहित महिला मालमत्ता कायदा पाहावा. त्याखाली काढलेल्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांसाठी राखीव राहतात, धंद्याचे धनको त्यांना सहसा हात लावू शकत नाहीत. दीडशे वर्षांचा जुना कायदा, पण विमा विकताना त्याचं नाव काढणारे थोडे.

घराचं थोडक्यात. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावानं घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर पन्नास हजार रुपये. उलट, कर्जात सहकर्जदार म्हणून बाईची सही असते आणि करारात मालक म्हणून नाव नसतं, अशी घरंही आहेत. घटस्फोटाच्या वेळी हप्त्याची जबाबदारी राहते, घर राहत नाही. पोटगीसाठी दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या नागपूरच्या प्रकरणात ठरवून दिलं. ते भरायला नवऱ्याच्या पगाराची आणि खात्यांची माहिती आधीपासून असावी लागते.

यावर करता येण्याजोगं पुष्कळ आहे आणि ते महाग नाही. कंपन्यांनी दिवाळीच्या बोनससोबत एक पान घरी पाठवावं: यूएएन, नॉमिनीचं नाव, ईएसआय क्रमांक, ग्रॅच्युइटीची नोंद. ठेकेदारांनाही ते सक्तीचं करावं. महापालिका मृत्यूचा दाखला देते, त्या खिडकीवरच कुठे-कुठे अर्ज करायचे याची मराठी यादी द्यावी. पीएफसाठी आकुर्डीचं कार्यालय जवळच आहे, हेही त्यात लिहावं. लाडकी बहीण योजनेचा मोठा सोहळा ऑगस्ट २०२४ मध्ये बालेवाडीत, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर झाला आणि तेव्हापासून दरमहा दीड हजार थेट बायकांच्या खात्यात येऊ लागले. त्याच खात्यातून बाईचा स्वतःचा वर्षाचा ४५६ रुपयांचा विमा काढून देणं बँकेला जड नाही. घर सांभाळणारी बाई गेली तर घराचं काय, हा प्रश्न विम्याच्या जगात अजून फारसा विचारलाच जात नाही.

आणि तिच्या मृत्युपत्राचंही तसंच आहे. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरनं हाकललेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या नारायणीदेवीची कमाई २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या नवऱ्याच्या नातलगांना दिली, कारण हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ तसंच सांगतं आणि तिनं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साधा कागद, स्वतःची सही आणि दोन साक्षीदार एवढंच लागतं.