कॅपखालच्या दाताची कैफियत

आमच्या शहरात जालना रस्त्याने क्रांती चौकात येऊन तेथून पैठण गेटकडे वळा किंवा उस्मानपुऱ्याकडे, दंतवैद्याची पाटी दिसल्यावाचून फार अंतर चालावे लागत नाही. आणि त्या पाट्यांवर रूट कॅनाल, कॅप व ब्रिज ही नावे अशा ठळक अक्षरांत रंगविलेली असतात की, हा औषधोपचाराचा विषय नसून एकदा पैसे मोजून कायमचे निश्चिंत होण्याची खरेदी आहे, असाच समज वाटसरूच्या मनात दृढ व्हावा. हा समज आमच्या मते बहुतेक अनर्थांचे मूळ आहे. रुग्ण कॅप बसवून घेतो, रक्कम चुकती करतो, झिर्कोनियाची असल्यास हमीचे कार्ड पाकिटात जपून ठेवतो, आणि ज्या दातावर ती कॅप उभी आहे त्याची आठवण पुढे काही वर्षांनी, तो दात हिरडीलगत मोडून हातात आल्यावरच त्याला होते. त्या हमीच्या कार्डावर कॅपची शाश्वती दिलेली असते. खालच्या दाताला मात्र कोणी जामीन राहिलेला नसतो.

कॅप बसविलेल्या रुग्णाला त्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या फटी साफ करावयास, त्याच्याच हाताने आणि वैद्याच्या डोळ्यांदेखत, शिकविल्यावाचून दंतवैद्याचे काम पुरे झाले असे मानता येत नाही, हे आमचे प्रतिपाद्य आहे. ते ऐकताच अनेक आक्षेप पुढे येतात; त्यांची एकेक करून वासलात लावली पाहिजे.

पहिला आक्षेप रुग्णांचा. कॅप किडत नाही, मग तिच्या भोवती फटी साफ करण्याचे दोरे (फ्लॉस) फिरवून काय साधावयाचे? कॅप किडत नाही हे अक्षरशः खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. कॅप दाताचा माथा आणि भिंती झाकते, परंतु हिरडीजवळ कोठेतरी तिची कडा संपते व खरा दात सुरू होतो. त्या सांध्यात सिमेंटची बारीक रेषा असते, आणि शेजारच्या दाताला टेकलेल्या बाजूस, जेथे ब्रशचा केस पोहोचत नाही, नेमका तेथेच जंतूंचा चिकट थर निर्वेधपणे साचतो. हिरडी थोडी खाली सरकली की मुळाचा भाग उघडा पडतो. मुळावर दंतवल्काचे कठीण कवच नसते, त्यामुळे कीड तेथे माथ्यापेक्षा लवकर रुजते. जुन्या मातीच्या भिंतीवर नवा पत्रा घातला म्हणून पायथ्याची ओल थांबत नाही, तसाच हा प्रकार. त्यातून दाताचे रूट कॅनाल झालेले असले तर आतील मज्जा काढून टाकलेली असते, म्हणजे ओरडून सांगणारा पहारेकरीच उरलेला नसतो. कीड आत शिरते, पोखरते, आणि दुखत नाही. ज्या दाताला वेदनेची भाषा उरलेली नाही, त्याच्याविषयी 'काही त्रास नाही' ही रुग्णाची साक्ष ग्राह्य कशी धरावी?

दुसरा आक्षेप असा की, दोन वेळा जोर लावून ब्रश केला म्हणजे पुरे. दाताला पाच बाजू असतात. ब्रश गालाकडची, जिभेकडची आणि चावण्याची अशा तीन बाजूंना भेटतो, उरलेल्या दोन शेजाऱ्यांना चिकटलेल्या असतात. जोर वाढविल्याने तिसऱ्या बाजूची चौथी होत नाही. हिरडी मात्र सोलवटते.

परंपरेचा आधार घेणारांना थोडे अधिक आदराने उत्तर दिले पाहिजे, कारण आमच्या परंपरेत दंतधावनाचा विचार उथळ नव्हता. सुश्रुतसंहितेत बारा अंगुळे लांबीच्या काडीचे विधान आहे आणि दात घासताना हिरडीला इजा होऊ देऊ नये अशी स्पष्ट सूचनाही आहे. परंतु कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने ज्या दातांची निगा राखावयाची होती ते निसर्गाचे दात होते; त्यांच्यावर सिमेंटने चिकटविलेल्या कडा नव्हत्या. शिवाय आजचा परंपराभिमानी गृहस्थ निंबाची काडी चावत नाही, तर जेवणानंतर टाचणी, आगपेटीची काडी किंवा गाडीची किल्ली यांनी दात कोरीत बसतो. त्याला सुश्रुताचा दाखला लागू पडत नाही.

दोरा घातला तर कॅप निघून येते, फटी रुंदावतात, शिवाय रक्त येते, ही भीती सर्वत्र आढळते. यापैकी पहिली गोष्ट तात्पुरत्या कॅपला लागू आहे: ती कच्च्या सिमेंटने बसविलेली असते, म्हणून तेथे दोरा वर न उचलता बाजूने सरकवून काढावा. पक्की बसलेली कॅप दोऱ्याने निघाली, तर दोऱ्याने ती सैल केली नाही, ती सैल होतीच. त्याने वर्दी दिली एवढेच. फटी दोऱ्याने रुंदावत नाहीत. सुजलेली हिरडी बरी होऊन आकसली की आधीपासून असलेली फट दिसू लागते, आणि रुग्ण तिचे खापर दोऱ्यावर फोडतो. राहता राहिले रक्त. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑरहूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. साचलेला थर हे रक्तस्रावाचे कारण आहे, सफाई नव्हे, हे तेव्हापासून विवाद्य राहिलेले नाही. रक्त येते म्हणून फट सोडून देणारा मनुष्य रोगालाच अभय देतो. साधारणतः आठवडा-दोन आठवडे नियमाने सफाई करूनही रक्त थांबत नसेल, तर मात्र वैद्याकडे जावे. मधुमेह्याने तर अधिक तत्परतेने, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा विकार एकमेकांना बळ देतात.

आता खरा बलवान पूर्वपक्ष. सुशिक्षित माणूस म्हणतो, दोऱ्याचा उपयोग शास्त्राने सिद्ध केलेलाच नाही. २०१६ साली अमेरिकेत अशा बातम्यांचा गाजावाजा झाला, आणि शासकीय आहारमार्गदर्शनातून दोऱ्याची शिफारस गळाल्याचे सर्वांना कळले. १८१९ साली न्यू ऑर्लीन्सच्या लेव्ही स्पिअर पार्मली या दंतवैद्याने रेशमी धाग्याची महती लिहिली, त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे चालत आलेली गोष्ट एका बातमीने निकालात निघाल्यासारखे अनेकांना वाटले. आम्ही ही शंका झटकून टाकीत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या समीक्षेतही पुरावा दुबळाच ठरला आहे: ब्रशाबरोबर दोरा किंवा फटींचा ब्रश वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, दोऱ्यापेक्षा फटींचा ब्रश कदाचित सरस आहे, पण बहुतेक प्रयोग अल्पकालीन आहेत, असा तिचा अभिप्राय.

तथापि दुबळ्या पुराव्याचा अर्थ लावण्यापूर्वी तो कोणाच्या हातून गोळा झाला, हे पाहावयास नको काय? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत, ज्या मुलांच्या दातांत शाळेच्या प्रत्येक दिवशी शिकलेल्या माणसाने स्वतः दोरा फिरविला, त्यांच्यात सुमारे पावणेदोन वर्षांत फटींतील किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटलेला आढळला. आणि ज्या किशोरांच्या हाती दोरा देऊन त्यांना स्वतःच करावयास सांगितले, त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. मुलांची वये निराळी, बहुतेक दात दुधाचे, त्यांच्यावर कॅपही नव्हत्या, ही सर्व सावधगिरी राखूनही एक गोष्ट लपत नाही: दोरा तोच, हात निराळे. संशयवाद्याने दोऱ्यावर भरलेला खटला वस्तुतः न शिकविलेल्या हातावर चालविला पाहिजे, आणि तसा तो चालविला की निकाल आमच्या बाजूने लागतो. स्वीडनमधील कार्लस्टाड येथे ॲक्सेल्सन आणि लिंडे यांनी १९७० नंतर जे कार्य आरंभिले, त्यात प्रौढ रुग्णांना फटी साफ करावयास शिकविण्यात आले, ते पुन:पुन्हा तपासण्यात आले, आणि जोडीला नियमित व्यावसायिक सफाईही होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तीस वर्षांच्या हिशेबात त्या रुग्णांचे गमावलेले दात अगदी थोडे आहेत. यश कशाकशाला किती द्यावे हा वाद राहील. शिकवणे निरुपयोगी असते, असे म्हणावयास मात्र तेथे जागा नाही.

शेवटचा आक्षेप वैद्यांचा, आणि तोच आम्हांला अधिक खटकतो. रुग्ण ऐकत नाहीत. खेड्यातून आलेला मनुष्य दोरा काय बोटाला गुंडाळणार. बाहेर रांग लागलेली आहे. आम्ही छापील पत्रक देतो. घाटी रुग्णालयाच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात परभणी, हिंगोली, बीडकडून आलेल्या माणसाचा परतीच्या गाडीसाठी जीव वर-खाली होत असतो आणि खुर्चीवर एकामागून एक रुग्ण बसत असतात, ही अडचण आम्ही खोटी मानीत नाही. परंतु जो शेतकरी पंपाचा फ्यूज अंधारात बदलतो, जी बाई सुईत दोरा ओवते, वाती वळते, पोत बारीक मण्यांनी गुंफते, त्यांच्या बोटांना एक दोरा पेलणार नाही असे म्हणणे हा त्या बोटांचा अपमान आहे. रुग्ण ऐकत नाहीत असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपण सांगितलेले असते, करवून घेतलेले नसते. पोहणे पत्रकातून शिकविल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

येथे एक कबुली वैद्यवर्गाकडून घेणे अगत्याचे आहे. ज्या कॅपची कडा दातापासून सुटलेली आहे, किंवा जी शेजारच्या दाताला नीट टेकत नसल्यामुळे प्रत्येक घासाला तंतू अडकतात, तिची जबाबदारी रुग्णाच्या आळसावर ढकलता येणार नाही. शिकवणी ही बेढब कामावरची सफेदी नव्हे. किंबहुना शिकलेला रुग्णच अशा कामाची फिर्याद प्रथम आणतो, कारण दोरा दर वेळी एकाच ठिकाणी फाटतो हे त्याच्या ध्यानात येते.

मग शिकवावयाचे काय? फट अरुंद असेल तर दोरा: हातभर घ्यावा, मधल्या बोटांना गुंडाळावा, करवतीसारखा हलवीत आत न्यावा, झटका देऊ नये, आणि कॅपच्या भिंतीला कवेत घेऊन कडेखाली किंचित उतरेतो वर-खाली फिरवावा, मग तोच शेजारच्या दातावर. फट रुंद असेल तर तारेचा फटींचा ब्रश, आणि तोही वैद्याने मापून दिलेला, कारण फार बारीक ब्रश काही करीत नाही आणि फार जाड ब्रश हिरडी दुखवितो. ब्रिज असेल तर खोट्या दाताखालून ओवावयाचा कडक टोकाचा दोरा वेगळा असतो, तो हातात देऊन दाखवावा. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, एवढे पुरे. सारी शिकवणी पाच-सात मिनिटांची आहे. कॅपसाठी दात घासून लहान करण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो आणि तो आपण कुरकूर न करता देतो.

आमची सूचना कारकुनी स्वरूपाची आहे, याची आम्हांला जाणीव आहे. १८५७ च्या बंडवाल्यांच्या देहदंडाची स्मृती जपणाऱ्या काळ्या चबुतऱ्यामुळे ज्या चौकाला क्रांतीचे नाव लाभले, त्याच्या आसपास बसून एका दोऱ्याला क्रांती म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. रुग्णाच्या कागदावर कॅपचा रंग, धातू, रक्कम यांचे रकाने असतात; त्यांत आणखी एक रकाना घालावा, 'रुग्णाने स्वतः करून दाखविले', आणि तो भरल्याशिवाय पक्के सिमेंट लावू नये. पुढच्या फेरतपासणीत पहिला प्रश्न 'दुखते का' हा न विचारता आरसा हाती देऊन 'करून दाखवा' असे म्हणावे.

वैद्य हे करतील तेव्हा करतील. वाचकहो, तुमच्या तोंडात कॅप असेल, तर त्यांची वाट पाहू नका: पुढच्या खेपेस खुर्चीवर बसताच आरसा मागून घ्या, माझ्या या फटीला दोरा की ब्रश, आणि ब्रश असल्यास कोणत्या मापाचा, हे विचारा, आणि आपल्या हाताने करून दाखविल्यावाचून खुर्चीवरून उठू नका.