ओठ न मिटता सांगितलेली रामकथा

सुपरहिरोंच्या चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये 'गोष्ट' असते का, असली तर ती कोणत्या प्रतीची असते, यावर गेली वीसेक वर्षे जगभरचे चाहते कडाकडा भांडत आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी या भांडणाकडे सहसा दुरूनच पाहिले आहे. पूर्वी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकडे जसे पाहिले, तसेच. म्हणजे वाचतात सगळे, पण तासाला त्याचे नाव निघत नाही. मला मात्र हा वाद आपल्या विषयाच्या अगदी आतला वाटतो. तो नीट समजून घ्यायचा तर कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातले बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके त्याला पुरेसे आहेत. हे विधान थोडे विस्ताराने मांडतो.

आधी वादाचे स्वरूप पाहू. २०१९ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी मार्व्हलच्या चित्रपटांची तुलना मनोरंजन-उद्यानांशी केली आणि या चित्रपटांत खरोखर काही पणाला लागत नाही, असा आक्षेप घेतला. चाहते संतापले. त्यांचे उत्तर साधारण असे होते, की बावीस चित्रपटांतून विणत आणलेली पात्रे २०१९ च्याच 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'मध्ये एकत्र येतात, तेव्हा प्रेक्षक रडतो, मग पणाला काहीच लागत नाही असे कसे म्हणता? गेमच्या बाजूने वाद वेगळा आहे. खेळणारा स्वतःच कृती करत असेल, तर त्याला 'सांगितली' जाणारी गोष्ट उरते का? या प्रश्नावर २००० च्या सुमारास विद्यापीठांतही दोन तट पडले होते. एक पक्ष गेमला कथनाचा नवा प्रकार मानत होता. दुसरा म्हणत होता, की गेम म्हणजे आधी नियमांची रचना, कथा हा केवळ वरचा मुलामा.

दोन्ही वादांत चाहत्यांची शक्ती बहुतेक एकाच ठिकाणी खर्च होते. काय घडले, ते आधीच्या भागाशी जुळते का, अमुक पात्राला तमुक शक्ती कशी आली, मूळ कथेशी इमान राखले की नाही. थोडक्यात, कथानकाची हिशेबतपासणी. माझे म्हणणे असे, की या दोन्ही माध्यमांत गोष्टीचा जीव कथानकात फारसा नसतो. सांगण्याला जे बंधन घातलेले असते त्यात तो असतो, आणि त्या बंधनाला अर्थ आहे की नाही यावर गोष्टीची प्रत ठरते.

आता बारामतीकडे येऊ. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले, पण त्यांचे काव्यजीवन घडले ते कऱ्हेकाठी बारामतीस, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने; १७९४ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेपुरती ठाऊक असते. पण त्या आकड्यापुढे थांबून विचार केला, तर तो विलक्षण आहे. नायक तोच, खलनायक तोच, शेवट तोच. श्रोत्यांना सगळे आधीच पाठ. आजच्या भाषेत बोलायचे तर एकाच सुपरहिरोची एकशे आठ वेळा नव्याने केलेली मांडणी! २००२, २०१२ आणि २०१७ अशा पंधरा वर्षांत तीन स्पायडरमॅन आले म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी पंतांच्या या उद्योगाकडे एकदा पाहावे.

पंतांनी हे कशाच्या बळावर केले? दरवेळी स्वतःला एक नवा नियम घालून. 'मंत्ररामायणा'त त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे काव्यात गुंफायची हा नियम. 'निरोष्ठ रामायणा'त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य. म्हणजे प, फ, ब, भ, म उच्चारायचे नाहीत. संपूर्ण कथा ओठ न मिटता सांगायची. या नियमाचा परिणाम काय होतो पाहा : 'राम' या शब्दातला 'म' ओष्ठ्य आहे. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्याचे प्रसिद्ध नावच तोंडातून काढता येत नाही. ज्या परंपरेत नामस्मरण हेच सर्वस्व, त्या परंपरेतला एक पुराणिक कवी नामाविना रामकथा सांगायला बसतो. खेळ म्हणावा तर हा खेळच आहे, आणि त्याचे नियम कोणत्याही गेमइतके कडक आहेत.

पण येथेच टीकेचा प्रश्न उभा राहतो. या नियमातून काही अर्थ निर्माण होतो, की नुसते कौशल्य दिसते? नाव घेता येत नाही म्हणून नायक जास्त जवळ येतो, की केवळ कवीची हुशारी जवळ येते? मोरोपंतांवरचा सगळा जुना वाद शेवटी याच प्रश्नाभोवती फिरतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांच्या कवितेचा सविस्तर कैवार घेतला, आणि पुढे पंत म्हणजे भावापेक्षा शब्दांचे कारागीर, असा आक्षेपही वारंवार घेतला गेला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. एकशे आठांतल्या अनेक रामायणांत नियम पाळल्याचा आनंद आहे, पण तो नियम कथेला कुठे नेत नाही. उलट 'केकावली'त पृथ्वी वृत्ताचे बंधन असूनही ते बंधन आपल्याला जाणवत नाही. मोराच्या केकेसारखी आर्त हाक तेवढी ऐकू येते. एकाच कवीच्या हातून बंधन कधी अर्थ होते, कधी कसरत. हा फरक ओळखणे म्हणजेच टीका.

बारामतीहून इंदापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला गेले, की नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा नरसिंहपूर लागते. तेथल्या देवतेची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे, पण ती 'नियमांची कथा' म्हणून पुन्हा ऐकावी. हिरण्यकशिपूला वर मिळतो : माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही, अस्त्राने नाही. ही यादी म्हणजे खेळाची नियमावलीच. आणि देव ती मोडत नाही. तो प्रत्येक नियम अक्षरशः पाळतो : नर आणि सिंह एकत्र, संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखे. कथेचा सगळा आनंद या पाळण्यात आहे. तिचा अर्थही त्यातच आहे. सगळ्या शक्यता आपण मोजून संपवल्या, असे मानणाऱ्या सत्तेला तिने न मोजलेल्या उंबरठ्यावर मरण येते. येथे नियम काढून घेतला तर गोष्टच उरत नाही. मुलामा कुठे आणि गाभा कुठे, हा विद्यापीठीय प्रश्न या कथेपुढे निरर्थक ठरतो.

हा निकष हाती घेऊन गेमकडे पाहू. २००७ साली 'बायोशॉक' या गेमवर लिहिताना क्लिंट हॉकिंग या गेमकाराने एक दोष दाखवून दिला होता : गेमचे नियम एक सांगतात आणि कथा दुसरेच सांगते. नियम खेळणाऱ्याला स्वार्थ साधायला शिकवतात, आणि कथा मात्र दुसऱ्याला मदत करण्याखेरीज त्याला पर्याय देत नाही. नियम आणि अर्थ यांची अशी फारकत झाली, की कितीही देखणे कथानक पोकळ वाटते.

उलट उदाहरण 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाचे (२०२०). पहिल्या भागात (२०१३) खेळणाऱ्याने ज्या जोएलचा जीव तासन्‌तास जपला, त्याला या भागाच्या सुरुवातीसच अ‍ॅबी नावाची तरुणी ठार मारते. पुढे सूडाच्या ऐन वाटेवर गेम थांबतो आणि खेळणाऱ्याच्या हाती अ‍ॅबीच देतो. आता हिला चालवा, हिला वाचवा. चाहत्यांत वादळ उठले. अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बहुतेकांची तक्रार 'आमच्यावर सक्ती केली' अशी होती. तक्रार खरी आहे, सक्ती होतीच. पण तीच तर गोष्ट होती! शत्रूच्या हातांनी वागायला भाग पाडणे कादंबरीला जमत नाही. ती फार तर शत्रूच्या मनात नेते. येथे नियम हाच अर्थ झाला. तो अर्थ पेलला की नाही, लांबला की नाही, यावर जरूर भांडावे. पण भांडण निदान योग्य जागी व्हावे.

दृष्टिकोन बदलून जुनी कथा नवी करण्याची ही युक्ती आपल्याला परकी नाही. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. कथा सर्वांना माहीत असूनही श्रोते पुढच्या आठवड्याची वाट पाहत. कारण प्रश्न 'आता काय होणार?' असा नव्हताच; 'आता कोण बोलणार?' असा होता. गीत कधी कौसल्येचे, कधी शूर्पणखेचे, कधी सीतेचे. आणि आरंभी तर रामाची कथा रामापुढेच त्याचे पुत्र गातात.

याच कारणाने स्कॉर्सेसी यांच्या आक्षेपाचा अर्धा भाग मला पटतो आणि अर्धा पटत नाही. शेवट ठरलेला असणे हा दोष नव्हे. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यानाचा शेवट कोणाला ठाऊक नसतो? दोष तेव्हा होतो, जेव्हा पुढचा भाग मागच्या भागाची किंमत परत करून टाकतो. मेलेले परततात, गमावलेले सापडते, आणि पुनर्कथनाला विक्रीखेरीज गरज उरत नाही. पण पुनर्कथनाला गरज असली तर काय होते, हे 'स्पायडरमॅन : नो वे होम' (२०२१) मध्ये दिसते. टाळ्या पडल्या त्या तिन्ही स्पायडरमॅन एकत्र आले म्हणून. पण खरी गोष्ट दुसरी होती. आधीच्या मांडण्यांत मरण ठरलेले खलनायक या नायकाच्या हाती येतात आणि तो त्यांना त्या मरणाकडे परत पाठवायला नकार देतो. म्हणजे एक सांगणे आपल्या आधीच्या सांगण्याशी भांडते. त्या नकाराची किंमत म्हणून नायकाला मावशी गमवावी लागते, आणि अखेर सारे जग त्याला विसरते. मराठीत 'बाजी' (२०१५) या चित्रपटाने सुपरहिरो आणण्याचा प्रयत्न केला. तसा प्रयत्न पुन्हा कोणी केला, तर त्यालाही मी हाच प्रश्न विचारीन : तुमच्या नायकाचे बंधन कोणते, आणि ते कशासाठी?

कोणी म्हणेल, कुठे पंतांची भक्ती आणि कुठे कंपन्यांचा नफा! हेतूंतले अंतर मला मान्य आहे आणि मूल्येही सारखी आहेत असे मी म्हणत नाही. पण निकष एकच लावला, तरच मूल्यांतला फरक दाखवता येतो. निकष न लावता एकाला वंदन आणि दुसऱ्याला नमस्कार करून वाटे लावणे, ही टीका नव्हे.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेलाही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा गेम आणला. असुरांनी नेलेल्या भावाला शोधणाऱ्या एका मुलीची ही कथा. ती उलगडते दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून. मुलगी लढत असताना वर दोघे देव तिच्याविषयी बोलत असतात. गेम लहान आहे आणि गोष्ट मध्येच सोडून संपतो, हे खरे. पण खेळणाऱ्याच्या कृतीवर निवेदकाने सतत भाष्य करावे, ही रचना ज्याने कीर्तन ऐकले आहे त्याला ओळखीची वाटेल. तिचा विचार कीर्तन आणि आख्यान शिकवणाऱ्यांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?

यात पणाला काय आहे, ते सांगून थांबतो. बारामती, इंदापूरसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांत जो मुलगा वा जी मुलगी मराठी घेऊन बसते, तिची रसिकता आज दोन कप्प्यांत विभागली आहे. एका कप्प्यात मोरोपंत : चार गुणांची टीप, वृत्ताचे नाव, रामायणांची संख्या. दुसऱ्या कप्प्यात ती गोष्ट, जिच्यासाठी ती मित्रांशी रात्री बारापर्यंत वाद घालते. पहिल्यात परिभाषा आहे, पण भांडण नाही. दुसऱ्यात भांडण आहे, पण परिभाषा नाही. परिभाषा नसली, की भांडण हिशेबतपासणीवर किंवा शिवीगाळीवर येते. भांडण नसले, की परिभाषा मरते. शिक्षकांनी मधली भिंत पाडली, तर दोघांचाही लाभ आहे.

त्यासाठी अभ्यासमंडळाच्या मंजुरीची वाट पाहायला नको. एक तास पुरतो. नरसिंहाची कथा दहा ओळींत लिहायला सांगावी, आणि नियम घालावा : ओष्ठ्य वर्ण चालणार नाही. मग तीच कथा कयाधूच्या तोंडून लिहायला सांगावी. एकीकडे नवरा, दुसरीकडे मुलगा, आणि समोर फुटणारा खांब. दोन्ही लिखाणे शेजारी ठेवून वर्गाला एवढेच विचारावे, की कोणत्या नियमाने तुम्हाला काही नवे सांगायला लावले? उत्तरावर वर्गात दुमत होईल. व्हावेच.