मुक्त स्रोत परवान्यांची सुसंगतता

मुक्त स्रोत परवान्यांची सुसंगतता म्हणजे निरनिराळ्या परवान्यांखाली प्रसिद्ध झालेल्या आज्ञावली एकत्र करून तयार होणारे सॉफ्टवेअर कायदेशीरपणे वितरित करता येणे होय. दोन आज्ञावली मुक्त असल्या म्हणजे त्या एकत्र करता येतातच, असे नाही. झेडएफएस ही फाइल प्रणाली आणि लिनक्स कर्नेल यांच्यासंबंधीचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

स्वरूप

मुक्त सॉफ्टवेअरवरही प्रताधिकार असतो. परवाना ही प्रताधिकारधारकाने काही अटींवर दिलेली अनुमती असते. एमआयटी व बीएसडी या परवान्यांच्या अटी अल्प आहेत. प्रताधिकाराचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर कायम ठेवणे, ही त्यांची मुख्य अपेक्षा असते. ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल, याहून पुढे जातो. मूळ आज्ञावलीवर आधारलेली संपूर्ण कृती वितरित करताना ती जीपीएलखालीच असावी आणि तिच्यावर अधिक निर्बंध लादू नयेत, असे तो सांगतो. त्यामुळे सुसंगतता बहुधा एकाच दिशेने चालते. एमआयटी परवान्याची आज्ञावली जीपीएल प्रकल्पात घेता येते. परंतु तो एकत्रित प्रकल्प केवळ एमआयटी परवान्याखाली देता येत नाही.

आवृत्तीनुसारही फरक पडतो. २००४ चा अपाचे २.० हा परवाना त्यातील पेटंटविषयक अटींमुळे जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी विसंगत, तर २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीशी सुसंगत आहे, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे.

झेडएफएसचा वाद

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये झेडएफएसचा सोर्स कोड सीडीडीएल परवान्याखाली खुला केला. या परवान्यातील फायली, त्यांत बदल केल्यानंतरही, सीडीडीएलखालीच राहाव्या लागतात. लिनक्स कर्नेल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. एक परवाना आपल्या फायली सोडत नाही आणि दुसरा संपूर्ण कृतीवर हक्क सांगतो. पेच नेमका येथेच आहे. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीचा परवाना अशी मागणी करीत नसल्याने तिच्यात झेडएफएसचा समावेश होऊ शकला.

२०१६ मध्ये कॅनॉनिकलने उबुंटू १६.०४ सोबत झेडएफएसचे तयार मोड्यूल दिले. हे मोड्यूल स्वयंपूर्ण असून कर्नेलवर आधारलेली कृती ठरत नाही, अशी कॅनॉनिकलची भूमिका होती. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने मात्र हा जीपीएलचा भंग असल्याचे म्हटले. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने शब्दशः अर्थाबरोबरच परवान्याच्या हेतूचाही विचार व्हावा, अशी मांडणी केली. ओरॅकलने २०१० मध्ये सन ताब्यात घेतल्यामुळे मूळ प्रताधिकार ओरॅकलकडे गेला होता. त्या कंपनीची अधिकृत लेखी संमती असल्याखेरीज झेडएफएस कर्नेलमध्ये घेणार नाही, असे लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२० मध्ये स्पष्ट केले. या प्रश्नावर न्यायालयीन निर्णय झालेला नाही.

परिणाम

जीपीएलच्या या अटी वितरणाच्या वेळी लागू होतात, खासगी वापराला नव्हे. म्हणून डेबियन झेडएफएसचा सोर्स कोड पुरवते आणि मोड्यूल वापरकर्त्याच्या संगणकावर तयार होते. कर्नेल बदलले की ते पुन्हा तयार करावे लागते. ते न जुळल्यास झेडएफएसवर साठविलेली माहिती त्या कर्नेलवरून उघडता येत नाही. कायद्यातील संदिग्धतेचा भार अशा रीतीने सामान्य वापरकर्त्यावर येतो.

परवाना बदलणे हा उपाय तत्त्वतः सोपा दिसतो; परंतु त्यासाठी सर्व प्रताधिकारधारकांची संमती लागते. लिनक्स कर्नेलच्या योगदानकर्त्यांची संख्या हजारोंत आहे आणि त्यांचे प्रताधिकार एका संस्थेकडे एकवटलेले नाहीत. झेडएफएसमध्येही २०१० नंतर अनेक स्वतंत्र योगदानकर्त्यांची भर पडली आहे. त्यामुळे प्रकल्पाच्या आरंभी केलेली परवान्याची निवड पुढे अनेक दशके त्या प्रकल्पाला बांधून ठेवू शकते.