मुकादमाच्या पलीकडे कोण?

गेल्या सत्रात वाणिज्य मंडळाने आपल्या सभागृहात एक व्याख्यान ठेवले होते. विषय होता 'शाश्वत पुरवठादाराची निवड'. आम्ही कला शाखेच्या चौघीजणी, खरे सांगायचे तर नंतरच्या चहासाठी, मागच्या बाकावर जाऊन बसलो. पाहुण्यांनी उदाहरण घेतले ते साखरेचेच. शीतपेये आणि बिस्किटे करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी साखर घेताना केवळ भाव पाहू नये. कारखान्याला येणारा ऊस ठिबकवरचा किती, बगॅसवर वीज होते का, सांडपाणी कोठे जाते, हेही विचारावे, असे ते म्हणाले. ऐकून बरे वाटले. आमचाही ऊस अशाच एका सहकारी कारखान्याला जातो. परंतु तासाभराच्या त्या व्याख्यानात 'कोयता' हा शब्द एकदाही आला नाही.

ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. दोघे मिळून एक कोयता. उचल मिळते ती जोडीला, आणि बहुधा नवऱ्याच्या हाती. बाईचे नाव कोणत्याच कागदावर नसते. दिवाळीच्या सुमारास बीडकडची बिऱ्हाडे निघतात, फडाशेजारी कोपी टाकतात आणि उचल फिटेपर्यंत तोडतात. आजारपणाने खाडा पडला तर तो अंगावर बसतो. गेल्या जानेवारीत आमचा फड तुटत असताना माझ्याच वयाची एक मुलगी वस्तीवर आली आणि आईला हळूच म्हणाली, "मावशी, जरा तुमच्या मोरीत जाऊ का?" आईने बादली भरून दिली. फडात पन्नास माणसे होती आणि आडोसा एकही नव्हता.

ही एका मुलीची अडचण असती तर मी लिहायला बसले नसते. २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पिशवी काढली की दर महिन्याची कटकट नाही आणि खाडाही नाही, असा तो हिशेब. पुढे मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'द फुलर प्रोजेक्ट' यांनी हाच धागा कोकाकोला आणि पेप्सी यांच्या साखरेपर्यंत नेऊन दाखवला. तेव्हा कोठे अनेकांना जाग आली. आपल्या फडातली गोष्ट अमेरिकेतून छापून यावी लागली, याची मला तरी लाज वाटली.

आता या मजुरांचा मालक कोण, ते विचारून पाहा. कंपनी म्हणते, आम्ही साखर कारखान्याकडून घेतो. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. म्हणजे पैसे आमचे, टोळीची व्यवस्था कारखान्याची आणि जबाबदारी कोणाचीच नाही! गंमत अशी की, तोडणीचा दर ठरवायची वेळ आली की कारखान्यांचा संघच मजूर संघटनांशी बोलणी करायला बसतो. जानेवारी २०२४ मध्ये अशाच बोलण्यांत ३४ टक्के वाढ ठरली. मजूर जर आपले नाहीत, तर ही बोलणी कोणासाठी?

कोणी म्हणेल, यासाठीच प्रमाणपत्रे आहेत. आहेत, आणि ती अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण तपासणाऱ्याच्या यादीत जे नसते ते त्याला दिसत नाही. ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी 'राणा प्लाझा' कोसळली आणि १,१३४ माणसे गेली. त्या इमारतीतील काही शिवणकारखान्यांची 'सामाजिक तपासणी' आधीच होऊन गेली होती. इमारत उभी राहील का, हा प्रश्न त्या तपासणीत नव्हता. आमच्याकडे तसाच कोयता यादीत नाही.

मग असा कारखाना सोडून दुसरा पुरवठादार शोधावा काय? वर्गातील एका मैत्रिणीने तेच सुचवले. मला ते पटत नाही. खरेदीदार हात झटकून निघून गेला तर त्याचे नाव स्वच्छ राहते, पण उचल घेतलेली बाई तेथेच राहते, कदाचित आणखी कमी दरात. पुरवठादाराची निवड करणे म्हणजे त्याच्यापुढे अटी ठेवणे आणि त्या अटींचा खर्च भावात धरणे, असे मला वाटते. बाईचा हिशेब तिच्या नावाने, फडावर पाणी आणि आडोसा, आजारपणाचा खाडा माफ, एवढ्या गोष्टी तरी करारात लिहून घ्याव्यात. किलोमागे भाव थोडा वाढेल. वाढू दे.

कंपन्या दूर आहेत, पण कारखाना दूर नाही. या महाविद्यालयातील कितीतरी जणांचे वडील त्याचे सभासद आहेत. सभेपूर्वी घरोघर जो वार्षिक अहवाल येतो, त्यात गाळप आहे, उतारा आहे, विजेची युनिटेही आहेत. तोडणी मजुरांसाठी फडावर काय सोय केली, याची ओळ मी शोधली, सापडली नाही. आबांना दाखवले तर म्हणाले, "अगं, टोळी मुकादमाची. चिटबॉय पाठवतो तेव्हा येते. आपण काय बोलावलंय त्यांना?" मी म्हटले, "आबा, पैसे तर आपल्याच बिलातून जातात ना?" त्यावर ते उठून गोठ्याकडे गेले.

कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. प्रश्न लेखी आणि आधी द्यावा लागतो. तो मी लिहून ठेवला आहे. त्याखाली सही सभासदाचीच लागते, आणि आबांनी ती अजून केलेली नाही.