थकलेला तनखा, गहाण मुलूख

माननीय अर्थमंत्री, भारत सरकार, यांस



अर्थव्यवस्था कोसळली असता राष्ट्राच्या सैन्याचे काय होते, याची चर्चा आपल्याकडे बहुधा परदेशांचे दाखले देऊन होते. परंतु ज्या अंबाजोगाईतून मी हे पत्र लिहीत आहे, तेथे निजामी अमलात, मोमिनाबाद या नावाने, हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्याची छावणी होती, आणि त्या कंटिंजंटच्या जमाखर्चात या प्रश्नाचे उत्तर केव्हाच लिहिले गेले आहे.

ही फौज नावाने निजामाची, खर्चाने निजामाची, हुकमाने मात्र इंग्रज अंमलदारांची. हैदराबादचा खजिना रिता होत गेला तसा तिचा तनखा आधी पामर कंपनी या सावकारी पेढीच्या कर्जातून आणि पुढे कंपनी सरकारच्या उसनवारीतून भागू लागला. बाकी 40 लाखांवर गेली तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने हिशेब पुढे टाकला, आणि 1853 च्या मे महिन्यात निजाम नासिरुद्दौलांना वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमचे शेजारी धाराशिव, एवढा मुलूख त्यापोटी इंग्रजांच्या हवाली करावा लागला. धाराशिव व रायचूर 1860 साली परत मिळाले. वऱ्हाडचा कारभार निजामाकडे पुन्हा आला नाही. यांपैकी एकही परगणा रणांगणावर गमावलेला नव्हता!

निजामाच्या खास फौजेची गत निराळी, आणि मला विचाराल तर अधिक उद्बोधक. तिच्यातील अरब जमादार तनखा थकला म्हणून पळाले नाहीत. त्यांनी सरकारलाच कर्ज दिले, तालुके तारण घेतले आणि तेथील महसूल आपणच वसूल करू लागले. शिपाई सावकार झाला, धनी ऋणको. ते तालुके सोडवता सोडवता दिवाण सालारजंगांना पुरेवाट झाली.

याच जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनास, पानिपतानंतर पेशव्यांचा खजिना खंक असतानाही, 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवरावांनी निजामाला धूळ चारली, असा आक्षेप कोणी घेईल. खरे आहे, कर्जबाजारी सैन्य लढाई जिंकू शकते. परंतु कर्जफेडीची विवंचना त्या पुरुषाला 1772 मध्ये थेऊरच्या मृत्युशय्येवरही सुटली नाही.

उद्या असे अरिष्ट आपल्यावर आले तर माणसांची वाण आपल्याला पडणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुले आजही इकडे भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटरचा सराव करतात, आणि नोकऱ्या आटल्या की भरतीची रांग लांबतेच. वाण पडते ती दारूगोळ्याची, इंधनाची, सुट्या भागांची. कारण पगार आणि निवृत्तिवेतन यांना कात्री लावणे अशक्यप्राय असल्याने ती खरेदीवर चालते. 2017 साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी नोंदविले की सुमारे 40 टक्के प्रकारांचा दारूगोळा 10 दिवसांच्या घनघोर युद्धालाही पुरणारा नव्हता, आणि तेव्हा देशावर कोणतेही आर्थिक अरिष्ट नव्हते.

म्हणून विनंती अशी की अंदाजपत्रकास एक परिशिष्ट जोडावे: महसूल एकाएकी निम्म्यावर आला तर संरक्षणाच्या कोणत्या शीर्षाला प्रथम कात्री लागेल, उरलेला साठा किती दिवस पुरेल, आणि कर्ज काढावे लागल्यास ते कोणाकडून व कोणत्या तारणावर. आकडे गोपनीय असतील तर ते संसदेच्या स्थायी समितीपुढे बंद लखोट्यात ठेवावेत. आमची हरकत नाही.



आपला,
एक करदाता
अंबाजोगाई, जि. बीड